तान्ह्या बाळाला घेऊन क्रूझ? तिकीट काढण्याआधी थोडं बोलूया

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, बाळ आठ महिन्यांचं आहे. क्रूझला नेलं तर चालेल ना?" दहा-बारा वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कोणी विचारत नव्हतं. तेव्हा चौकशी असायची ती महाबळेश्वरच्या थंडीची, नाहीतर घाटात गाडी लागण्याची. आता मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जहाजं सुटतात. सिंगापूरची तीन-चार रात्रींची क्रूझ टूरच्या पॅकेजमध्ये असते. अमेरिकेत राहणारा मुलगा आई-वडिलांना बोलावतो आणि तान्ह्या नातवासकट सगळे मिळून समुद्रावर जायचा बेत ठरतो.

मी बालरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. पण अशा प्रवासाला निघालेलं अख्खं घर माझ्यासमोर बसतं. आजोबांची शुगर, आजीचं ब्लडप्रेशर, सुनेची पाठदुखी आणि तिच्या मांडीवरचं बाळ. त्यामुळे या विषयावर माझं एक ठाम मत झालं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रूझवर नेऊ नये. सहा महिने ते दोन वर्षं या वयात न्यायचंच असेल तर दोन-तीन रात्रींची, वाटेत लवकर बंदर लागणारी सफर निवडावी. दोन वर्षांपुढे नीट तयारी करून खुशाल जावं. आणि कोणत्याही वयात, ऐन वेळी बेत रद्द करण्याची मनाची आणि पैशांची तयारी असेल तरच तिकीट काढावं. हे असं का, ते एकेक करून पाहू.

जहाज म्हणजे तरंगतं हॉटेल, पण तरंगतं हॉस्पिटल नव्हे

मोठ्या जहाजावर दवाखाना असतो. डॉक्टर आणि नर्स असतात, सलाईन देण्याची, ईसीजीची, काही प्राथमिक रक्ततपासण्यांची सोय असते. पण ही सगळी व्यवस्था मुख्यतः मोठ्या माणसांच्या आजारांसाठी आणि तातडीच्या उपचारांसाठी असते. तिथे बालरोगतज्ज्ञ सहसा नसतो आणि लहान मुलांचा आयसीयू नसतो. मोठ्या माणसाला तीन-चार जुलाब झाले तर तो पाणी पिऊन पडून राहतो. आठ किलोच्या बाळाच्या शरीरातलं पाणी काही तासांत धोक्याच्या पातळीपर्यंत कमी होऊ शकतं. घरी असताना अर्ध्या तासात आपण बालरोगतज्ज्ञाकडे पोचतो. समुद्रात पुढचं बंदर यायला कधी दहा तास लागतात, कधी दीड दिवस. हेलिकॉप्टर सिनेमात लगेच येतं. प्रत्यक्षात अंतर, हवामान आणि रात्र या तिन्हींची अडचण असते.

जहाज कंपन्यांनाही हे माहीत आहे. म्हणूनच बऱ्याच आंतरराष्ट्रीय कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत. सलग काही दिवस बंदरच लागत नाही अशा लांबच्या सफरींसाठी ही अट बारा महिन्यांची असते. पुष्कळ लोक याला कंपनीचा हट्ट समजतात. मला तो शहाणपणा वाटतो. बुकिंगच्या वेळी तुमच्या जहाजाची वयाची अट विचारा, आणि ती प्रवासाच्या दिवशीच्या वयावर मोजली जाते हे लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. आपली नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी बहुधा परदेशात किंवा परदेशी जहाजावर चालत नाही, आणि जहाजावरच्या दवाखान्याचं बिल वेगळं लागतं. परदेशी सफरीसाठी प्रवास विमा घ्या. त्यात बाळाचं नाव आहे का आणि जहाजावरून हॉस्पिटलपर्यंत हलवण्याचा खर्च धरला आहे का, या दोन ओळी स्वतः वाचा. एजंटच्या शब्दावर राहू नका.

उलट्या-जुलाबांचा पाहुणा

क्रूझ म्हटलं की नोरोव्हायरसचं नाव निघतंच. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या शाळेत उलट्यांची साथ आली होती. त्या गावावरून या विषाणूला नाव पडलं. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरं वाटतं. पण अगदी थोडे विषाणू पोटात गेले तरी आजार होतो, आणि बरं वाटल्यावरही कित्येक दिवस रुग्णाच्या शौचातून विषाणू बाहेर पडत राहतात.

इथे जहाजांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या म्हणण्यानुसार नोरोव्हायरसच्या नोंदल्या गेलेल्या साथींपैकी जेमतेम एक टक्का साथी क्रूझ जहाजांवरच्या असतात. बाकीच्या सगळ्या जमिनीवरच्या. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांना पोटाच्या विकाराचे रुग्ण मोजून कळवावे लागतात आणि तीन टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की ती साथ जाहीर होते. आपल्याकडच्या लग्नाच्या हॉलमध्ये असं कोणी मोजत नाही. म्हणजे जहाज घाणेरडं असतं असं नाही. फक्त तिथे हजारो लोक त्याच जिन्याच्या कठड्याला, त्याच लिफ्टच्या बटणाला आणि बुफेतल्या त्याच डावाला हात लावतात. आणि रांगतं बाळ तर हाताला लागेल ते तोंडात घालतं.

यावर उपाय साधा आहे. साबण आणि वाहतं पाणी, निदान वीस सेकंद. हात धुण्याऐवजी सॅनिटायझर चोळून भागत नाही, कारण अल्कोहोलचा या विषाणूवर नीट परिणाम होत नाही. डायपर बदलल्यावर, खाण्याआधी आणि बुफेतून ताट घेऊन आल्यावर हात धुवा. बाळाला गालिच्यावर सोडायचं असेल तर खाली आपली चादर घाला आणि खेळणी रोज साबणाने धुवा.

बॅगेत कपड्यांआधी ओआरएस

मोठ्यांच्या बॅगेत चिवडा आणि लाडू आधी जातात. बाळाच्या बॅगेत आधी ओआरएसची पाकिटं जाऊ द्या. डब्ल्यूएचओच्या सूत्राप्रमाणे बनवलेलं मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेलाभर पाण्यात घालू नका. मिठाचं प्रमाण चुकलं तर औषधाचा अपाय होतो. तयार केलेलं पाणी २४ तासांत वापरा, उरलेलं ओतून द्या.

दुकानात खोक्यात मिळणारं गोड, फळांच्या चवीचं पेय म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात साखर जास्त असते आणि जुलाब वाढू शकतात. अशा पेयांच्या वेष्टनावर 'ओआरएस' हा शब्द वापरू नये, असा आदेश आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला. तोही बराच पाठपुरावा झाल्यानंतर.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिली आणि त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली ओआरएस द्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने, सावकाश पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध थांबवू नका. झिंकचं औषध बालरोगतज्ज्ञाकडून डोस लिहून घेऊन सोबत ठेवा. जुलाब 'बांधणाऱ्या' गोळ्या, ज्या मोठी माणसं प्रवासात खिशात ठेवतात, त्या लहान मुलाला अजिबात द्यायच्या नाहीत.

आणि ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नका, लगेच जहाजावरच्या डॉक्टरकडे जा:

- सहा तासांत लघवी नाही, डायपर कोरडा
- रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ कोरडी
- डोळे किंवा टाळू खोल गेलेली
- बाळ मलूल, दूध ओढत नाही, नेहमीसारखं बघत नाही
- शौचातून रक्त, हिरवी उलटी, किंवा काहीच पोटात न ठरणं

बोट लागते, पण कुणाला?

आपल्याकडे गाडी 'लागते' आणि बोटही 'लागते'. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारा अवयव असतो. तो मेंदूला सांगतो, 'आपण हलतोय.' डोळ्यांना मात्र समोर स्थिर भिंत दिसते. या दोन वेगळ्या बातम्यांचा मेळ न बसल्यामुळे मळमळ होते.

दोन वर्षांखालच्या मुलांना बोट क्वचितच लागते. हा त्रास सर्वांत जास्त होतो तो साधारण सहा-सात ते बारा वर्षांच्या मुलांना. पालक यावर खूश होतात, पण मला यातून वेगळीच गोष्ट सांगायची आहे. तुमचं दहा महिन्यांचं बाळ जहाजावर उलट्या करायला लागलं तर "बोट लागली असेल" म्हणून गप्प बसू नका. त्या वयात पोटाचा संसर्ग, ताप, कानाचं दुखणं ही कारणं आधी मनात यायला हवीत.

औषधांबद्दलही सावध राहा. गाडी लागू नये म्हणून आपल्या घरोघरी ॲव्होमिनची गोळी असते. तिच्यात प्रोमेथाझिन असतं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन द्यायचं नाही, कारण त्याने श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. "पाव गोळी साखरेत घालून" हा घरगुती हिशेब इथे चालत नाही. मोठ्या मुलांसाठी कोणतं औषध आणि किती, हे वजन पाहून डॉक्टरांनाच ठरवू द्या. आजोबांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर याच गोळीने त्यांची लघवी अडू शकते, हेही इथेच सांगून ठेवतो.

औषधाविना काय करता येईल? केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. मोठ्या मुलाला मोबाईलऐवजी क्षितिजाकडे बघायला लावा. पोट तुडुंब भरू नका, रिकामंही ठेवू नका. आणि पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा लहान मुलांसह त्यावर जाण्याचा विचारच नको. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण स्वस्त तिकीट दिसलं की तोही विसरतो.

स्विमिंग पूल, बाल्कनी आणि लाइफ जॅकेट

अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांवर डायपर घालणाऱ्या मुलांना सार्वजनिक पूलमध्ये उतरू देत नाहीत. पोहण्याचा खास डायपर असला तरी नाही, कारण तो शौच पूर्ण अडवू शकत नाही. इतर ठिकाणीही असा नियम असू शकतो. बाळाचे पाण्यातले फोटो डोळ्यांसमोर ठेवून तिकीट काढलं असेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं. मुलांचे खेळवर्गही बहुतेक जहाजांवर तीन वर्षांपुढच्या, शी-शू सांगणाऱ्या मुलांसाठी असतात. म्हणजे दीड वर्षाच्या मुलामागे दिवसभर तुम्हीच धावणार.

प्रत्येक जहाजावर पूलपाशी जीवरक्षक असतोच असं नाही. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात मारत ओरडत नाही. ते काही सेकंदांत आवाज न करता खाली जातं. म्हणून पाण्याजवळ एक मोठं माणूस फक्त मुलासाठी नेमा, हाताच्या अंतरावर, मोबाईल न घेता. "सगळे आहेत की" म्हणजे बहुतेक वेळा कोणीच नसतं.

दोन वर्षांच्या आसपासचं, चढायला शिकलेलं मूल असेल तर माझ्या मते बाल्कनीची केबिन घेऊच नका. घेतलीच तर खुर्ची आणि स्टूल कठड्यापासून दूर ठेवा आणि दाराची कडी कायम लावा. फोटोसाठी मुलाला कठड्यावर किंवा खिडकीच्या चौकटीत बसवू नका, कितीही घट्ट धरलं असलं तरी.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चोवीस तास किंवा अधिक काळाच्या सफरीत जहाजावरच्या प्रत्येक तान्ह्या बाळासाठी त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट असावं लागतं. जहाजावर चढताच ते मागून घ्या आणि एकदा घालून बघा. सुटण्याच्या वेळी होणारी सुरक्षेची कवायत बाळाच्या झोपेचं निमित्त करून टाळू नका. कोणी कोणत्या मुलाला उचलायचं, हे घरातल्यांनी तेव्हाच ठरवावं.

लसी: निघण्याच्या दीड महिना आधी

तिकीट काढलं की लसीकरणाचं कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जा. आदल्या आठवड्यात नको, कारण लसीचा परिणाम व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. रोटाव्हायरसची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात ६, १० आणि १४ आठवड्यांना दिली जाते, ती पूर्ण झाली आहे का पाहा. नोरोव्हायरसवर मात्र अजून लस नाही. फ्लूची लस सहा महिन्यांपासून देता येते आणि पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. दीड महिना म्हणतो तो याच हिशेबाने. गोवराची लस आपल्याकडे नऊ महिन्यांनंतर असते. परदेशी जायचं असेल आणि बाळ त्याहून लहान असेल तर सहा महिन्यांनंतर एक जादा डोस देण्याचा विचार केला जातो. तो नेहमीच्या डोसांत धरत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळाला यांतलं पुष्कळसं संरक्षण मिळतच नाही. माझ्या 'नको'मागचं हे एक मोठं कारण आहे.

दूध, खाणं, ऊन

अंगावर पिणाऱ्या बाळाची आई सगळ्यात निर्धास्त. वरचं दूध असेल तर पावडरचे डबे घरूनच पुरेसे न्या, जहाजावर तोच ब्रँड मिळणार नाही. बहुतेक जहाजांवर केबिनमध्ये स्वतःची किटली किंवा इंडक्शन चालत नाही, त्यामुळे बाटल्या उकळायची आणि गरम पाण्याची सोय कशी होईल हे बुकिंगच्या वेळीच विचारा. बुफेत दोन तास उघडा राहिलेला भात किंवा दही बाळाला भरवू नका. ताजं शिजवून, गरम आणलेलं मागा. वरण-भात, मऊ इडली, केळं पुरतं. बाळाच्या पोटाला सहलीचं कौतुक नसतं.

डेकवरचं ऊन पाण्यावरून परावर्तित होऊन सावलीतही लागतं. सकाळी दहा ते चार बाळाला आत ठेवा, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला.

आजी-आजोबा आणि घरातली गरोदर सून

जहाजावर बाळाला झालेले जुलाब दुसऱ्या दिवशी आजोबांना होतात. सत्तरीच्या माणसाला, त्यातून लघवी वाढवणारी ब्लडप्रेशरची गोळी आणि मधुमेहाची औषधं चालू असताना, तेच जुलाब किडनीवर येऊ शकतात. अशा वेळी कोणती गोळी तात्पुरती थांबवायची, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. औषधं सफरीच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त न्या, आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोचायला कधी संध्याकाळ होते.

घरात कोणी गरोदर असेल तर सफर संपेपर्यंत २४ आठवडे पूर्ण होणार नाहीत, अशी अट बऱ्याच कंपन्यांची असते. बंदरावर ही अट कळून घरचं कोणी मागे राहण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

आणि आता सगळ्यात अवघड गोष्ट

समजा, निघण्याच्या सकाळी बाळाला ताप आला. पैसे भरले आहेत, परत मिळणार नाहीत. बारा माणसं तयार होऊन बसली आहेत. मग पॅरासिटामॉल पाजलं जातं, ताप तासभर उतरतो आणि बंदरावरच्या आरोग्याच्या फॉर्मवर 'ताप नाही' असं लिहिलं जातं. हे करणारी माणसं वाईट नसतात. ती हौसेने निघालेली, खर्चाने अडकलेली साधी माणसं असतात.

पण जरा विचार करा. पॅरासिटामॉलने आकडा उतरतो, आजार उतरत नाही. गोवर, फ्लू, जुलाब जे काही असेल ते आता तुमच्यासोबत हजारो लोकांमध्ये जाणार आहे. २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावर ३,७११ माणसं होती आणि त्यांतल्या ७१२ जणांना कोविड झाला. दार बंद असलेल्या जागेत रोग कसा पसरतो, हे सगळ्या जगाने तेव्हा पाहिलं. आणि नुसता दुसऱ्यांचा प्रश्न नाही. त्या तापाचं कारण संध्याकाळी उघड होईल, तेव्हा किनारा मागे गेलेला असेल.

म्हणून माझा आग्रह आहे की हा निर्णय तिकीट काढतानाच घ्या. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा, 'निघण्याच्या दोन दिवस आधीपासून बाळाला ताप, उलट्या किंवा जुलाब झाले तर बाळ आणि आई-वडील जाणार नाहीत, आणि कोणी त्यांना बोल लावणार नाही.' रद्द केल्यावर पैसे मिळतील असा विमा किंवा तारीख बदलता येईल असं तिकीट थोडं महाग पडलं तरी घ्या. हा खर्च म्हणजे खरं बोलण्याची मोकळीक आहे. ती नसली की चांगली माणसंही फॉर्मवर खोटं लिहितात.

आणखी एक विचार, डॉक्टर म्हणून कमी आणि अनेक घरं पाहिलेला माणूस म्हणून जास्त. अशा सफरींहून परतल्यावर सासरे सांगतात, "मजा आली." मुलगा फोटो दाखवतो. सून म्हणते, "मी बरीचशी केबिनमध्येच होते." बाळाला झोपवायचं, भरवायचं, धुवायचं, हे सगळं समुद्रावरही तिच्याकडेच राहतं. बेत आखताना रोज दोन-तीन तास बाळ कोणाकडे असेल, हे नावानिशी ठरवा. ते ठरत नसेल तर ती सुट्टी सगळ्यांची नाही, एक सोडून बाकीच्यांची आहे.

क्रूझ वाईट नाही. अडीच-तीन वर्षांचं मूल पहिल्यांदा चारी बाजूंनी पाणीच पाणी बघतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण सफर किती दिवसांची, कुठली आणि कधी, हे घरातल्या सगळ्यात लहान प्रवाशाच्या वयावरून ठरवा. जहाजं पुढच्या वर्षीही सुटणार आहेत. बाळ तेव्हा वर्षाने मोठं असेल, त्याच्या लसी झालेल्या असतील, आणि पोटात दुखतंय हे ते स्वतः सांगू शकेल.